दोरीवरचा व्हेंटिलेटर

मित्रांनो, ज्या वर्षी अनंतरावांचे कुसुमताईंशी लग्न झाले, त्या वर्षी, म्हणजे १९८४ साली, मी पुण्यात बुधवार पेठेतल्या त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसलो. मी एक जुना व्हेंटिलेटर आहे. दवाखान्यातला नव्हे. करोनापासून माझे नाव ऐकले की माणसे दचकतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी भिंतीत उंचावर बसवलेली सागवानी चौकट आहे. मधे एक काच, दोन बाजूंना मी ज्यांवर फिरतो ते दोन खिळे, आणि खाली लोंबणारी दोरी. दोरी ओढली की मी तिरका होतो आणि खोलीतली हवा बाहेर जाते. असे आम्ही चौघे होतो.

अनंतरावांचे वडील आम्हाला बसवायला तयार नव्हते. भिंतीत खिडक्या आहेत, त्या पुरेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण महापालिकेकडून इमारतीचा नकाशा तपासायला आलेल्या साहेबांनी टेप काढून आधी जमीन मोजली, मग खिडक्या मोजल्या.

"एवढ्या खोलीला एवढी उघडी जागा हवी, हे नियमात लिहिलंय," साहेब म्हणाले. "ताजी हवा खालून येते, माणसांच्या श्वासानं तापते, वर चढते. तिला वरून बाहेर पडायला वाट ठेवा."

"म्हणजे हवा आमच्याकडे फुकट राहणार आणि वर दोन दारं मागणार," वडील म्हणाले. पण सुताराला बोलावले. त्या साहेबांचे नाव मला कधी कळले नाही. ते परत आले नाहीत. त्यांच्या त्या एका हट्टाने पुढे किती डोकी शुद्धीवर राहिली, हे त्यांना ठाऊक नसावे.

आधी खोलीत टायपिंगचा वर्ग होता. मशीन गेली तेव्हा अनंतरावांनी तिथे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. या सगळ्या वर्षांत आमची दोरी एकाच माणसाच्या हातात होती. ते भीमराव. बिबवेवाडीहून सकाळी सातला यायचे, चारही दोऱ्या ओढायचे, झाडायचे, गणपतीच्या तसबिरीपुढे अगरबत्ती लावायचे. धूर सरळ वर यायचा आणि माझ्या फटीतून निघून जायचा. महिन्यातून एकदा ते शिडी लावून माझे खिळे तेलाने भिजवायचे. मला कुरकुरताना कोणी ऐकले नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात अभ्यासिकेत एसी आले. सुताराने आम्हा चौघांना स्क्रू मारले, फटींना चिकटपट्टी लावली, दोऱ्या कापल्या. खालच्या खिडक्याही बंद झाल्या.

"एक तरी उघडा असू द्या," भीमराव म्हणाले.

"गार हवा मुलांसाठी आणलीय, भीमराव," अनंतराव म्हणाले. "कबुतरांना वाटायला नाही."

हा त्यांचा गैरसमज होता, आणि तो पुष्कळांचा असतो. भिंतीवरचा एसी बाहेरून हवा आणत नाही. आत आहे तीच हवा गार करून परत फिरवतो. चाळीस मुलांनी सोडलेला श्वास चाळीस मुलेच पुन्हा घेत होती, फक्त गार करून.

त्या मुलांत धाराशिवकडची मुक्ताई होती. दोनदा परीक्षा देऊन झाली होती. हा तिसरा प्रयत्न शेवटचा, नंतर लग्न, असे घरी ठरले होते. पाठांतर पक्के, अक्षर सुरेख. पण एसी आल्यापासून दुपारी दोननंतर तिचे डोके टेबलाला टेकायचे. एका संध्याकाळी ती पुस्तके पिशवीत भरू लागली.

"मामा, मी उद्या गावाकडं जाते," ती भीमरावांना म्हणाली. "मला होईना. पान उघडलं की झापड येतीय, डोकं ठणकतंय. माझ्यातच दम नाही."

"गावाकडे दुपारी झोप यायची?"

"पत्र्याखाली बसायचे. घाम निथळायचा, पण झोप नाही यायची."

"मग दम तुझा गेला नाही पोरी, खोलीचा गेलाय. मी त्रेचाळिसाव्या वर्षी 'क' गिरवला, इथे टायपिंगचा वर्ग होता तेव्हा, सगळ्यांसमोर. तू चार दिवस थांब."

ती चार दिवसांसाठी थांबली.

दुसऱ्या दिवशी खोली भरल्यावर भीमरावांनी अगरबत्ती लावली आणि अनंतरावांना वर बोलावले. धूर डोक्याच्या उंचीवर चादरीसारखा पसरून राहिला होता.

"धूर दाखवायला दोन जिने चढवलंत?" अनंतराव म्हणाले. "खाली लक्ष्मी रोड आहे, तिथे हवा तेवढा मिळतो."

"तिथला निघून जातो. हा जात नाही. आपण जेवण करून या आणि पाच वाजेपर्यंत इथे बसा. मग म्हणाल ते खरं."

अनंतराव हट्टाचे. दोनच्या ठोक्याला वर्तमानपत्र घेऊन मधल्या टेबलावर बसले. साडेतीनला वर्तमानपत्र नाकावर आले. चारला कुसुमताई त्यांना शोधत वर आल्या आणि दारातच थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "रात्री झोपेची गोळी घेऊनही डोळा लागत नाही तुमचा, आणि इथे घोरताय?"

सारी अभ्यासिका हसली. मुक्ताई सुद्धा. अनंतराव उठले, कपाळ चोळले. कोणाकडे न बघता म्हणाले, "भीमराव, स्क्रू ड्रायव्हर आणा."

मी उघडलो तेव्हा पहिला झोत इतका कोंदट होता, की मलाच नवल वाटले. दोऱ्या नव्या आल्या. चौथ्या भावाच्या जागी हवा बाहेर फेकणारा पंखा बसला. एसी राहिले, पण खालची एक खिडकी आणि आम्ही तिघे उघडे असल्याशिवाय ते सुरू करायचे नाहीत, असा नियम झाला. सार्थक नावाच्या मुलाने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आणले. दारे-खिडक्या बंद असताना त्याचा आकडा अडीच हजारांवर जायचा, उघडल्यावर हजाराच्या खाली यायचा. भीमरावांनी तो आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "अगरबत्ती स्वस्त पडते."

मुक्ताईने पिशवी रिकामी केली. माझ्या खालची जागा तिने धरली आणि परीक्षेपर्यंत सोडली नाही. तिसऱ्या प्रयत्नात ती पास झाली. आता ती सोलापूरला सरकारी कचेरीत आहे. पहिल्या दिवशी तिने तिथल्या बंद खिडकीची कडी काढली, असे तिने भीमरावांना फोनवर सांगितले.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. वर बघत जा. तुमच्या शाळेत, घरात, न्हाणीघरात माझे भाऊबंद असतील. कोणी पुठ्ठा लावून बुजवले असतील, कोणावर रंग चढला असेल. त्यांना उघडा, त्यांच्या खिळ्यांना तेल द्या. हवा दिसत नाही, म्हणून तिची काळजी कोणीतरी मुद्दाम घ्यावी लागते. नियम लिहिणाऱ्याने ती घेतली. दोरी ओढणाऱ्याने ती रोज घेतली.

भीमराव मंगळवारी, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे, बिबवेवाडीतल्या त्यांच्या घरी वारले. त्यांचे वय एकाहत्तर होते. त्या दिवशी सातला अनंतराव स्वतः दोन जिने चढून आले, आणि त्यांना आमच्यातली कोणती दोरी आधी ओढायची हे ठाऊक नव्हते.