लाल दोऱ्याचं रीळ

नसीमचा फोन आला तेव्हा हिंदुराव गॅलरीत बसून खाली गाड्या वाकड्या लावणाऱ्यांवर मनातल्या मनात ताशेरे ओढत होते.

"काका, अम्मीच्या डोळ्याची पट्टी निघाली. छान दिसतंय आता. म्हणते, तुझ्या अब्बांना चालताना बघायचंय. शेवटची तीन वर्षं नुसतं पलंगावर पाहिलं ना तिने. तुमच्याकडे असेलच की एखादी फिल्म?"

"एखादी? ढीग आहे!" हिंदुराव बोलून बसले. "रविवारी येरवड्याला घेऊनच येतो."

फोन ठेवला आणि त्यांना घाम फुटला. ढीग होता हे खरं, पण त्यात नियाज कुठे होता?

नियाज, म्हणजे नसीमचे अब्बा, रविवार पेठेतला घड्याळजी. जुन्या बाजारात एका मोडक्या कॅमेऱ्यावर दोघांनी एकाच वेळी हात ठेवला आणि दोघांपैकी कुणीच तो उचलेना, तिथून ही दोस्ती सुरू झाली. नियाजने घड्याळाच्या चिमट्याने कॅमेऱ्याची स्प्रिंग बसवली आणि पुढची दहा वर्षं दोघांना दुसरं काही सुचलं नाही. कात्रजचा तलाव, गावची जत्रा, कडब्याच्या गंजीमागे लपलेल्या चोराचा थरारपट, काही म्हणून सोडलं नाही. हिंदुरावांना मिशा होत्या, म्हणून ते कायम कॅमेऱ्यापुढे. नियाज कायम मागे. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देईल तर शपथ.

नियाजला जाऊन आता चार वर्षं झाली होती. हिंदुरावांनी तीन दिवस खिडक्या बंद करून एकतीस रिळं पाहिली. एका ठिकाणी नियाजची सावली सापडली, एका ठिकाणी भिंगावर आलेला अंगठा.

"अंगठाच दाखवा मग भाभींना," मैनाबाई म्हणाल्या. मग पोळी लाटता लाटता सहज म्हणाल्या, "आणि आपल्या लग्नाचं रीळ हो? त्यात माझ्यापेक्षा नियाजभाऊजीच जास्त मिरवलेत."

त्या रिळाचं नाव या घरात चव्वेचाळीस वर्षं निघालं नव्हतं.

झालं होतं असं. त्या कॅमेऱ्याचं रीळ आधी एका बाजूने चालवायचं, मग उलटं घालून दुसऱ्या बाजूने. दोन्ही बाजू झाल्या की ते दिसायला पुन्हा कोऱ्यासारखं. म्हणून वापरून झालेल्या रिळाच्या डबीला नियाज लाल दोरा बांधायचा आणि त्यात घड्याळाचं एक बारीकसं पितळी चाक ओवायचा. दोरा असलेली डबी मुंबईला धुवायला जायची, बिनदोऱ्याची कॅमेऱ्यात. लग्नाच्या आठवडाभर आधी नियाजने स्प्रिंग पुन्हा दुरुस्त केली आणि ती चालते का बघायला आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा हिंदुरावांच्या हातात दिला. स्वतः कांद्याच्या वावरातून चालून, मग सायकलवरून फिरून दाखवलं. हिंदुरावांना अशी काही गोडी लागली की त्यांनी अख्खं रीळ संपवलं आणि वर नियाजच्या शिव्या खाल्ल्या. डबी लग्नघराच्या कोनाड्यात राहिली. लग्नाच्या दिवशी नियाजने कोनाड्यातून बिनदोऱ्याची डबी उचलली, तीही नेमकी हीच.

मुंबईहून धुऊन आलेलं रीळ लावलं, तर एकावर एक दोन चित्रं उमटलेली: पडद्यावर वरात निघाली होती आणि वरातीच्या आरपार नियाज चालत होता. सासरेबुवांच्या पोटातून तो सायकलवर निघाला. हिंदुरावांचे वडील गेनबा भर ओसरीवर कडाडले. "दोरा बांधायला विसरलास!" हिंदुराव चारचौघांत नियाजवर ओरडले. "बांधला होता," एवढंच नियाज म्हणाला. आठ महिने बोलणं बंद. पुढे गोडी झाली, पण चूक नियाजची हे पक्कं ठरूनच.

रविवारी दुपारी येरवड्यात नसीमच्या घरी पडदे ओढले, भिंतीवर चादर लावली. नसीमची अम्मी, अख्तरबानू, पुढच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. प्रोजेक्टर खडखडला.

मांडव उजळला. मैनाबाई खाली मान घालून उभ्या, आणि त्यांच्या पदरावरून, अक्षतांमधून, थेट गेनबांच्या फेट्यातून नियाज चालत आला. टाचा न टेकता, डावा हात पाठीमागे, जणू कुणाला झोपेतून उठवायचं नाही.

"हां," अख्तरबानू म्हणाल्या. "हेच. असेच चालायचे. जिन्यावर पाऊल वाजायचं नाही. दचकायचे मी दर वेळी." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. नसीमने आईचा हात धरला.

नियाज थांबला आणि वळून कॅमेऱ्याकडे हात हलवू लागला, 'पुरे कर, बंद कर.' त्याच्या त्या हातामागून एक मोठं चित्र वर आलं. नवरदेवाचं मनगट. हळदीचं कंकण. हातांची चित्रं मोठी घ्यायची नियाजला हौसच होती. कंकण लाल दोऱ्याचं होतं. त्यात हळकुंड होतं, आणि हळकुंडाशेजारी काहीतरी पितळी चमकत होतं. एक बारीकसं चाक.

हिंदुरावांनी प्रोजेक्टर बंद केला.

"सोजरआत्या!" ते ओरडलेच. लग्नात कंकण त्यांच्या या म्हाताऱ्या आत्यानेच बांधलं होतं. 'दोरा घावंना, पर ह्यो बघ कसा झाक हाय, चकतीबी हाय त्याला,' असं काहीसं ती म्हणाली होती. नवरदेवाला तेव्हा कुठलं ऐकू येतंय! तिने कोनाड्यातल्या डबीचाच दोरा सोडला होता.

"भाभी," हिंदुराव कसेबसे म्हणाले, "नियाजने दोरा बांधला होता. चूक आमच्या घरची. मी त्याला सगळ्यांदेखत बोललो. आणि आता सांगू कुणाला?"

"त्यांना ठाऊक होतं," अख्तरबानू शांतपणे म्हणाल्या. "रीळ आलं त्याच दिवशी घड्याळाचं भिंग लावून बघितलं त्यांनी. मी म्हटलं, जा, दाखवा त्यांना. तर म्हणाले, लग्नघरात म्हाताऱ्या आत्यावर खापर फुटेल, नवी सून पहिल्याच महिन्यात भांडण बघेल. हिंदुराव माझ्यावर रुसला तर रुसू दे, तो येतोच परत."

हिंदुराव खाली बसले. आठ महिने. रविवार पेठेतून जाताना मान फिरवून सायकल हाकायचे ते, आणि नियाज दुकानातून बघत असणार. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि दोस्ताचा इतका अभिमानही.

"बसलात काय?" अख्तरबानू म्हणाल्या. "लावा पुन्हा."

रीळ चार वेळा झालं. चौथ्या वेळी मैनाबाईसुद्धा स्वतःला सोडून नियाजकडेच बघत होत्या. मग हिंदुरावांनी रीळ डबीत घातलं आणि नसीमकडे लाल दोरा मागितला. गाठ काही नीट बसेना.

"घट्ट बांधा," मैनाबाई म्हणाल्या. "आत्या नाहीत, पण दोरा सोडायला मी आहे."

हिंदुरावांनी दुहेरी गाठ मारली आणि डबी अख्तरबानूंच्या हातात ठेवली.