सिंधूताईंच्या पसंतीचा सेट

सिंधूताईंनी नात्यागोत्यात आजवर पुष्कळ आहेर दिले होते आणि त्यातला एकही त्यांनी स्वतः घेतलेला नव्हता. भाचा प्रेमानंदच्या लग्नात त्यांच्या नावाने कूलर गेला, मावसबहीण रुखमाबाईच्या नव्या घराला भिंतीवरचं घड्याळ गेलं, कुणाच्या बारशाला काय गेलं ते तर त्यांना आठवतही नव्हतं. घेणारे त्यांचे थोरले बंधू भैय्याजी. ते बाजारात जायचे, वस्तू आणायचे, वर ‘सिंधूआत्याकडून’ अशी चिठ्ठी चिकटवायचे आणि मग बहिणीला कळवायचे, “सिंधू, तुह्याकडून कूलर देल्ला बरं.” सिंधूताई मान डोलवायच्या. ज्या बाईला जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही तिला कूलरमधलं काय कळणार, हे जगाने परस्पर ठरवून टाकलं होतं. जगाला ठरवायला काय जातं?

यंदा मात्र गोष्ट दीक्षाची होती. दीक्षा म्हणजे भैय्याजींची धाकटी मुलगी, सिंधूताईंच्या मांडीवर वाढलेली. तिने आणि तिच्या नवऱ्याने, सुशीलने, हुडकेश्वरला घर बांधलं होतं आणि येत्या रविवारी गृहप्रवेश होता. घरात होम थिएटर आपण द्यायचं, असं सिंधूताईंनी जाहीर केलं. त्यावर सगळे खूश झाले. मग त्या म्हणाल्या, “आन् ते मी पसंत करीन,” तेव्हा सगळे गप्प झाले.

“तू काहून येऊन राहिली दुकानात?” भैय्याजी म्हणाले. “गर्दी राह्यते तिथं. मी ताराचंदकडे सेट पाहून ठेवला आहे ना. स्पीकरचे उभे दोन टॉवर आहेत, माणसाएवढे! पाहणाऱ्याचे डोळे फाटले पाह्यजेत.”

“माहे तर फाटत नाईत. मले ऐकाचं आहे.”

“अवं, ऐकाले सारेच सारखे राह्यतात.”

“मंग माहं नाव नोका टाकू चिठ्ठीवर. तुमचंच टाका.”

भैय्याजींनी हात टेकले. बहीण आयुष्यात पहिल्यांदा अडून बसली होती, आणि ज्याला कधी नकार ऐकायची सवय नसते त्याला नकार मोडून काढायचीही नसते. पण सिंधूताईंच्या मनात काय चाललं होतं ते त्यांना कुठून कळणार! आयुष्यभर आपल्या नावाने दुसऱ्याचे हात देत आले. एकदा, निदान या पोरीला तरी, आपण निवडलेलं काहीतरी द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते इतकं हवं होतं की आदली सबंध रात्र त्यांना झोप लागली नव्हती.

त्याच दुपारी दोघं ताराचंदकडे गेली. दुकान सीताबर्डीला, दुसऱ्या मजल्यावर. ताराचंद भैय्याजींच्या ओळखीचा, म्हणजे चहा पाजण्याइतका. आत काचेच्या दारामागे एक गारेगार खोली होती. भिंतींना गालिचा, मऊ सोफा आणि चहूकडे स्पीकर. विक्की नावाचा तिशीतला विक्रेता भैय्याजींशीच बोलत होता. “सर, तुम्ही बसा. ताईंना इथं बसवा.” ताईंना! जसं काही भैय्याजींनी घरून एखादं गाठोडं आणलं होतं.

विक्कीने सिनेमातला लढाईचा प्रसंग लावला. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं, स्फोट झाला, सोफा हादरला. भैय्याजी जागेवरच उडाले आणि ओरडले, “वा रे वा! पाह्य सिंधू, याले म्हणते आवाज!”

सिंधूताईंच्या कपाळाला आठी पडली. दिसत नसलेल्या माणसाला निसर्ग जास्तीचे कान देतो, असं लोक म्हणतात. ती शुद्ध थाप आहे. कान दोनच असतात आणि ते कामाने तयार होतात. सिंधूताईंनी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर काढली होती. पलीकडचा नुसता ‘हॅलो’ ऐकून त्या सांगायच्या, साहेब आज कोणत्या खोलीतून बोलून राहिले, दार उघडं आहे की बंद, आणि रागावले आहेत की नुसता राग दाखवत आहेत.

“विक्कीभाऊ,” त्या म्हणाल्या, “टॉवर कुठी आहेत?”

“तुमच्या समोरच ताई. टीव्हीच्या दोन्ही बाजूला.”

“आन् आवाज टॉवरमधूनच येऊन राहिला?”

“हो ना.”

“मंग तो वरून काहून येऊन राहिला?”

विक्की हसला. असं हसला की सिंधूताईंना त्यातली खळबळ ऐकू आली. त्या उठल्या. काठीने सोफ्याची कड चाचपत सरळ पुढे गेल्या आणि उजव्या टॉवरच्या जाळीवर त्यांनी तळहात टेकवला. खोलीत तोफा धडधडत होत्या आणि हाताखालची जाळी दगडासारखी गार, निश्चल. डाव्या टॉवरपाशी गेल्या. तोही तसाच.

“हे दोघंही मुके आहेत,” त्यांनी सांगितलं. मग काठी उचलून छताजवळचा कोपरा दाखवला. “बोलणारा तिथं बसला आहे.”

भैय्याजींनी वर पाहिलं. काठीच्या टोकाशी, भिंतीच्या रंगाचाच, एक छोटा स्पीकर होता. पलीकडच्या कोपऱ्यात दुसरा. विक्कीचा चेहरा उतरला. आवाज ऐकून ताराचंद आत आला आणि म्हणाला की बटन चुकून महागातल्या सेटवर राहिलं असेल, होतं कधी कधी, स्टाफ नवा आहे. स्टाफ कसला नवा! विक्की तिथं सहा वर्षं होता आणि हे त्याने वर येताना लिफ्टमध्येच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

“चुकलं तर चुकलं,” सिंधूताई म्हणाल्या. “आता बरोबर लावा.”

बरोबर लावल्यावर माणसाएवढे टॉवर बोलू लागले आणि खोलीतल्या सगळ्यांना कळलं की ते इतका वेळ गप्प होते ते बरंच होतं. सेनापती पिंपात तोंड घालून हुकूम देत होता. भैय्याजी घसा खाकरून म्हणाले, “तसा काही वाईट नाई.” पण त्यांचं मन त्यात नव्हतं.

“आता माही परीक्षा,” सिंधूताईंनी पर्समधून मोबाईल काढला. आदल्या संध्याकाळी दीक्षाने नव्या घरातून बोलून पाठवलेला निरोप त्यात होता. त्यांनी तो रात्री चार वेळा ऐकला होता. “सिनेमातल्या सेनापतीले मी ओळखत नाई. तो कसा बोलते मले काय माहीत? या पोरीची मले जन्मापासून ओळख आहे. जो सेट तिचा आवाज तिच्यासारखा देईल, तो माहा.”

ताराचंदने पस्तीस वर्षांच्या धंद्यात अशी परीक्षा पाहिली नव्हती. विक्कीने फोन जोडला. टॉवरमधून दीक्षा बोलली तेव्हा ती भल्या जाडजूड बाईसारखी वाटली. मग लांबट साउंडबारवर लावून पाहिलं, तर पोरीला सर्दी झाली होती. आणखी एक सेट, आणखी एक. सिंधूताई मान हलवत राहिल्या. “नाई. हे आमची दीक्षा नाई.” विक्की घामाघूम झाला, पण आता त्यालाही चेव आला होता. गाठोडं समजलेली बाई आता त्याला वर्गातल्या मास्तरणीसारखी वाटत होती.

“ताई, एक आहे,” तो म्हणाला. “दिसायला काही नाही. काळे डबे आहेत नुसते. मागच्या दिवाळीपासून कोणी विचारलं नाही.”

“लाव गा.”

आणि दीक्षा खोलीत येऊन बसली. “जयभीम आत्या. सुतार आत्ताच गेला. तू रविवारी सकाळीच ये वं, मी तुले सारं घर हातानं दाखवीन...” तिचा तो वाक्याच्या शेवटी किंचित वर चढणारा आवाज, बोलण्याआधीचा छोटासा श्वास, सगळं जिथल्या तिथं. सिंधूताईंचे डोळे भरून आले. आणि त्याच वेळी दीक्षाच्या मागून, नव्या घराच्या रिकाम्या हॉलमधून, एक पुरुषी आवाज आला. मोबाईलवर ती नुसती पुटपूट वाटली होती. या काळ्या डब्यांनी तिचे शब्द सुटे करून समोर ठेवले.

“तिले काय समजते त्यातलं? मी आणतो टॉवरवाला. तिचं नाव टाकून देऊ नेहमीसारखं.”

विक्कीने मान खाली घातली. ताराचंद छताकडे पाहू लागला. भैय्याजी मात्र सोफ्यावर निवांत होते.

“मागं कोण बोलून राहिलं हे?” त्यांनी विचारलं. “सुतार आहे का?”

“तुमीच आहा,” सिंधूताई म्हणाल्या. “विक्कीभाऊ, थोडा आवाज वाढव आन् अजून एक बार लाव. त्यायले नाई समजलं.”

दुसऱ्यांदा त्यांना समजलं. सिंधूताईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. सख्ख्या भावाचं ते ‘नेहमीसारखं’ त्यांच्या काळजाला लागलंच. पण त्या वाईट वाटण्यापेक्षा आनंद कितीतरी मोठा होता. या दुकानात, या गार खोलीत, डोळे असलेल्या तिघांसमोर त्यांनी खरं काय ते शोधून काढलं होतं. त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं नाही.

“हाच द्या,” त्या म्हणाल्या. “याच्यात काही लपत नाई.”

घरी येताना ऑटोत भैय्याजी एवढंच म्हणाले, “सिंधू, माहं चुकलं वं.” सिंधूताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

रविवारी हुडकेश्वरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भंतेजींनी परित्राण पाठाची सूत्रं म्हटली, पंगती उठल्या, आणि सुशीलने नवा सेट सुरू केला. काळ्या डब्यांकडे पाहून दोघाचौघांनी नाकं मुरडली. पण सिनेमा सुरू झाला आणि हॉल चिडीचूप झाला. मागच्या रांगेतल्या रुखमाबाई, ज्या आजवर प्रत्येक सिनेमात “काय म्हणे? काय म्हणे?” विचारून शेजारच्याला बेजार करायच्या, त्यांनी पूर्ण अर्धा तास तोंड उघडलं नाही. त्या घराण्यात हा चमत्कारच होता.

“कोणी आणला गा हा?” मध्येच प्रेमानंदने विचारलं. “भैय्याजी, तुमची पसंती दिसते.”

भैय्याजी उभे राहिले. सुशीलने सिनेमा थांबवला. “माही पसंती असती तर तुमी आता पिंपातला आवाज ऐकून राहिले असते,” ते म्हणाले. “दुकानदार माह्या डोळ्यादेखत मले फसवून राहिला होता आन् मी टाळ्या वाजवून राहिलो होतो. हा सिंधूनं पसंत केला. एकटीनं. साऱ्या दुकानाले कामाले लावून.”

मग काय विचारता! दीक्षाने आत्याला कडकडून मिठी मारली. लोक टाळ्या पिटू लागले. रुखमाबाईंना सिंधूताईंसोबत जाऊन टीव्ही घ्यायचा होता, प्रेमानंदला गाडीतला स्पीकर बदलायचा होता, कुणाला बिनआवाजाचा मिक्सर हवा होता. सिंधूताई मधोमध खुर्चीत बसून सगळ्यांना तारखा देत होत्या. त्यांचं मन इतकं भरून आलं होतं की आपण मोठमोठ्याने बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

गर्दी ओसरल्यावर भैय्याजी शेजारी येऊन बसले.

“सिंधू,” ते हळूच म्हणाले, “त्या दिवशी दुकानात साऱ्यायले ऐकू आलं. मलेच माहा आवाज ऐकू नाई आला. दोन वर्षांपासून असंच आहे. कोणाले सांगतलं नाई. मले कानाची मशीन घ्याची आहे.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “मले त्यातलं काही समजत नाई. तू चालशीन का संग?”

सिंधूताई त्यांच्याकडे वळल्या. ज्या भावाने जन्मभर आपल्यासाठी सगळं निवडलं, तो आज स्वतःचे कान आपल्या हातात देत होता. आवाज त्यांनी पक्का ठेवला, बोर्डावर ठेवायच्या तसा.

“उद्या धा वाजता तयार राहा,” त्या म्हणाल्या. “पहिले डॉक्टरले कान दाखवू, मंग दुकान. आन् दुकानात तुमी बोलू नोका. मी बोलीन.”

भैय्याजींनी मान हलवली. मग ती बहिणीला दिसणार नाही हे ध्यानात येऊन, सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “हो, सिंधू.”