आठ टेबलांच्या गाठी

सूतगिरणीला टाळं लागून नऊ वर्षं झाली आणि तिच्या रिकाम्या इमारतीत राजधानीतलं पेन्शनचं ऑफिस आणायचं ठरलं. गावातली बारा माणसं आठवड्याच्या बोलीवर घेतली. त्यांत गिरणीतल्या जुन्या बाया होत्या, तिथं बावीस वर्षं काढलेली मावशी होती आणि तिची सूनही. काम जमलं तर कायम, नाहीतर सून राजधानीला नोकरी शोधायला निघणार. बॅगसुद्धा बांधून ठेवलेली.

शुक्रवारी ट्रक आले आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. ट्रकात जागा पुरेना म्हणून हमालांनी खोकी राजधानीतच टाकून नुसते फायलींचे गठ्ठे रचून आणले होते, आणि टेबलांचे नंबर होते खोक्यांवर!

"साहेब, आपली माणसं बोलवा," राजधानीहून आलेले हेडक्लार्क ऑफिसच्या मोठ्या साहेबांना म्हणाले. "सोमवारी लोक दारात येतील. एकेक गठ्ठा सोडून आतला शिक्का बघायचा तर महिना जाईल, यांच्याच्यानं हे निस्तरायचं नाही."

साहेबांनी फोन उचलला.

मावशी एकेक गठ्ठा उलटा करून बघत होती. "हेडक्लार्कसाहेब, तुमच्याकडे टेबलं किती?"

"आठ. का?"

"गाठीपण आठच तऱ्हेच्या दिसतायत. ही डावखुऱ्याची. ही सैल, आळशी माणसाची. आणि ही बघा, तीनदा पीळ. बाई भारी भित्री असणार."

हेडक्लार्कांनी तो गठ्ठा सोडला, आतला शिक्का पाहिला आणि ओशाळून हसले. "पाचवं टेबल. आमची मंडळी बसते तिथं. पण भित्री म्हणाल तर... घरी येऊन बघा एकदा!"

सगळे खो खो हसले. साहेबांनी फोन खाली ठेवला. "हे कसं कळलं, मावशी?"

"गिरणीत तुटलेला धागा कुणी जोडला, ते गाठीवरून कळायचं साहेब. मुकादमापासून काही लपायचं नाही."

मग काय, गिरणीतल्या बाया पदर खोचून बसल्या. त्या गाठी बघून गठ्ठे वेगळे करत, सून मधूनच एखादा गठ्ठा सोडून आतला शिक्का ताडून पाही. रविवारी दुपारी आठही टेबलांची कपाटं लागली. साहेबांनी तिथंच बारा जणांच्या कायम नोकरीच्या कागदांवर सही केली.

घरी येऊन सून बॅगेपुढं बसली. चेन बिघडली म्हणून मावशीनंच ती सुतळीनं आवळली होती.

"अहो आई, सुटतच नाहीये!"

"मन लागत नव्हतं गं बांधताना, कशीतरी मारलीय," मावशी म्हणाली आणि तिनं कात्री पुढं केली. "काप सरळ. पुन्हा बांधायचीय कुणाला?"