लाल झंडीचं घर

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. घर बघताना आधी अंगणात बघायचं, मग दारात. अंगणात झंड्या असतील तर आत जायचं, नसतील तर पुढं चालायला लागायचं.

"आणि झंड्या फाटक्या असल्या तर?" मी विचारलं.

"फाटक्या म्हणजे वर्षभरात पूजा नाही. मग तिथं नकोच."

आमच्या गयानातल्या बर्बिसमध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही. पूजा झाली की अंगणात बांबू रोवायचा आणि त्याला झंडी बांधायची. लाल हनुमानाची, गुलाबी लक्ष्मीची. रस्त्यानं जाणाऱ्याला न विचारता कळतं, आत कोण राहतं ते. मी पदवीधर बाई, मनातल्या मनात हसले. पण त्रिनिदादला पियार्कोच्या विमानतळावरून टॅक्सीत बसले, तेव्हा खिडकीतून मी झंड्याच मोजत होते.

तिथं वकिलीची दोन वर्षं करायची होती. माझी मुलगी तारिणी चार वर्षांची. घरात ठरलं होतं ते असं : मी ऑगस्टमध्ये पुढं जायचं, लहान मुलीला ठेवता येईल असं घर शोधायचं, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी माझा नवरा देविन तिला घेऊन येणार. तसं घर मिळालं नाही, तर तारिणी आजीजवळ राहणार. दोन वर्षं. म्हणजे ती मोठी होताना मी फोनवर बघायचं.

"मा म्हणते त्यात चूक काय आहे, ओमा?" देविन म्हणाला होता. तो माणूस वाईट नाही, पण त्याची सगळी वाक्यं 'मा म्हणते' पासून सुरू होतात.

कॉलेजच्या वसतिगृहात लहान मुलांना परवानगी नव्हती. नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढं केरलिन नावाची ग्रेनडा बेटावरची मुलगी उभी होती. उंच, मोठ्यानं हसणारी. तिनं क्युरेपला दोन खोल्या घेतल्या होत्या आणि एक रिकामी होती. मी बघायला गेले. खाली रमचं दुकान, बाहेरून लोखंडी जिना, वर गॅलरी. गॅलरीच्या कठड्याच्या दोन गजांत मी माझी मूठ घातली, मग दोन्ही मुठी. तारिणीचं डोकं आरामात गेलं असतं.

"काय मोजतेस?" केरलिननं विचारलं.

"मुलीचं डोकं."

"जाळी लावू. आण तिला. खालचे म्हातारे नुसते डोमिनो आपटतात, माणसं नाही आपटत."

"विचार करून सांगते."

"कर बाई. तुम्ही गयानावाले विचार करता, आम्ही झोपतो."

तिसरं घर मला कुणी सुचवलं नव्हतं. दुपारी गल्लीतून चालताना कुंपणाआड चार बांबू दिसले. तीन बांबूंवरचं कापड उन्हानं विटलेलं, चौथ्यावरची झंडी मात्र लालभडक, एक धागा सुटलेला नाही. फाटकावर पाटी होती, खालचा मजला भाड्यानं देणे आहे.

सुमिंत्रा आंटी साठीच्या असतील. डोक्यावर ओढणी, हाताला पिठाचा वास. मी बर्बिसची म्हटल्यावर त्यांनी मला आधी बसवलं, पाणी दिलं, मग घर दाखवलं. मी नळ उघडून पाहिले. खिडक्यांचे गज ओढून पाहिले. विजेचे खटके किती उंचीवर आहेत, गटारावर झाकण आहे का, फाटकाची कडी लहान हाताला लागेल का, शेजारचा कुत्रा साखळीला आहे का, सगळं पाहिलं. आंटी माझ्या मागोमाग कौतुकानं फिरत होत्या.

"किती वर्षांची आहे मुलगी?"

मी थबकले. "मी सांगितलं नव्हतं मुलगी आहे म्हणून."

"बेटी, बिनलेकराची बाई कुत्र्याची साखळी बघत नाही. मुलगा की मुलगी एवढाच अंदाज मारला."

मागच्या खोलीत एक छोटा पलंग होता, उशाशी पोपट रंगवलेला. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा, एकावर एक, सगळ्यात वरची माझ्या कमरेच्या थोडी खाली.

"नातीचा आहे. ती आईबरोबर चागवानासला असते आता. रिकामा पलंग बघवत नाही मला. तुझी झोपेल त्यात."

"आणि तुमचा मुलगा?"

"तो सध्या इथं नाही."

आमच्या लोकांत 'सध्या इथं नाही' म्हणजे टोरांटो, नाही तर न्यूयॉर्क. प्रत्येक दुसऱ्या घरातला मुलगा सध्या इथं नसतो. माझे दोन्ही भाऊ नाहीत. मी सहानुभूतीनं मान हलवली आणि पुढं विचारलं नाही.

आणि लाल झंडीबद्दलही विचारलं नाही. मंगळवारी पूजा झाली, एवढं आंटी आपणहून म्हणाल्या. हनुमानाला लोक कधी बोलावतात ते मला ठाऊक आहे : आजारपण असलं, परीक्षा असली, कोर्टाचं काम असलं की. माझ्या प्रवेशासाठी सासूबाईंनी हीच पूजा केली होती. पण पूजेचं कारण विचारणं आमच्याकडे असभ्य समजतात. देवाला सांगितलेलं तिऱ्हाइताला कशाला सांगायचं?

मी झंडीचा फोटो सासूबाईंना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"बांबू हिरवा आहे अजून. घे, दुलहिन, हेच घे."

तीन आठवडे मी त्या घरात इतकी निवांत राहिले की मला स्वतःचीच भीती वाटायची. संध्याकाळी आंटी कारल्याची भाजी आणि गरम रोटी पाठवायच्या. 'मुलगी कधी येणार' हे रोज विचारायच्या. एकदा त्यांनी माझ्याकडून कॉलेजचं पत्र मागून घेतलं, मी तिथं शिकते असं लिहिलेलं. भाडेकरूची नोंद ठेवावी लागते म्हणाल्या. मी प्रत काढून दिली, वर सहीसुद्धा केली. कायदा शिकणारी बाई, आणि 'कुणाकडं नोंद' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

त्या तिसऱ्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी आम्हा नव्या विद्यार्थ्यांना मॅजिस्ट्रेट कोर्ट बघायला नेलं. मागच्या बाकावर बसायचं, टिपणं काढायची, तोंड उघडायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. केरलिन माझ्या शेजारी बसून वहीत मॅजिस्ट्रेटबाईंचा चष्मा काढत होती. दोन प्रकरणं झाली. तिसऱ्याला नाव पुकारलं, रविन सुग्रीम.

सुग्रीम हे आंटींचं आडनाव. त्रिनिदादमध्ये सुग्रीम काही एकच नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. मग पहिल्या बाकावर मला पांढरी ओढणी दिसली. तीच ओढणी आदल्या दिवशी आमच्याच दोरीवर वाळत होती.

आत आणलेला माणूस तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. चेहरा आंटींचाच. आरोप वाचून दाखवले. फेब्रुवारीत बायकोवर कोयता चालवला, तिच्या हाताची दोन बोटं गेली, पाच वर्षांची मुलगी त्याच खोलीत होती. सात महिने तुरुंगात. जामीन दोनदा नाकारलेला.

खोली कुठली होती ते कुणी सांगितलं नाही. मला पोपट दिसला.

वकील उठला. चांगला वकील होता, घाईत नव्हता. "मॅडम, गेल्या वेळी न्यायालयानं म्हटलं होतं, घरात वृद्ध आईखेरीज कुणी नाही, याच्यावर लक्ष कोण ठेवणार. आता परिस्थिती बदलली आहे. घर भरलेलं आहे. खालच्या मजल्यावर वकिलीची एक विद्यार्थिनी राहते, विवाहित, अत्यंत जबाबदार. तिची लहान मुलगी येत्या रविवारी तिथं राहायला येते आहे. एक आई आपल्या मुलीला ज्या घरात विश्वासानं आणते, ते घर कसं आहे हे मी वेगळं सांगायला नको." आणि त्यानं एक कागद वर धरला. खाली निळ्या शाईतली सही. माझ्या 'ओ'ला शेपटी असते.

मग त्यानं पत्ता वाचला. घर क्रमांक, गल्ली, सगळं.

केरलिनचं पेन थांबलं होतं आणि ती कागदाकडं न बघता माझ्याकडं बघत होती. मॅजिस्ट्रेटबाईंनी मान हलवली, लिहायला लागल्या. लिहिता लिहिता त्या काय बोलतायत ते मला ऐकायला येत होतं, पण शब्द एकमेकांना चिकटत नव्हते. जामीन मंजूर. त्याच पत्त्यावर राहील. आठवड्यातून दोनदा ठाण्यात हजेरी. सरांनी माझी बाही ओढली, तेव्हा मला समजलं की मी उभी आहे.

"खाली बस," सर पुटपुटले.

"काय आहे?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

माझा आवाज निघाला तो लहान मुलीसारखा. "मॅडम, ती विद्यार्थिनी मी आहे."

कोर्टात खुर्च्या करकरल्या. आंटींनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गॅसवर काहीतरी राहून गेल्याचं आठवावं, तसा तो चेहरा झाला.

"मग?" मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या.

"मला यातलं काही सांगितलं नव्हतं. हा माणूस तुरुंगात आहे, हेच मला माहीत नव्हतं. ते पत्र भाडेकरूच्या नोंदीसाठी दिलं होतं." आणि मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलले. "माझी मुलगी त्या घरात येणार नाही. मीसुद्धा आजपासून तिथं नाही."

मॅजिस्ट्रेटबाईंनी पेन आडवं ठेवलं आणि वकिलाला म्हणाल्या, "तुमची परिस्थिती पुन्हा बदललेली दिसते." पुढची तारीख पडली. रविन सुग्रीमला परत नेताना त्यानं एकदाच मागं पाहिलं, माझ्याकडं नाही, आईकडं.

बाहेर पायऱ्यांवर आंटी माझी वाट बघत होत्या. मी दुसऱ्या दारानं जाऊ शकले असते.

"तुला मी खोटं काय सांगितलं, बेटी?" त्यांनी विचारलं. खरंच आठवत असल्यासारखं.

"तुम्ही म्हणालात, तो सध्या इथं नाही."

"नव्हताच."

"आंटी, त्याच पलंगावर माझी मुलगी झोपणार होती."

"वरच्या मजल्यावर ठेवणार होते मी त्याला. रात्री कुलूप लावून. शपथ घेते." ओढणीच्या टोकाला त्या गाठ मारत होत्या, सोडत होत्या. "तुझा असता तर काय केलं असतंस, ते सांग मला."

मी एवढंच म्हणाले की सामान संध्याकाळी नेते.

सामान न्यायला केरलिन आली. तिनं येताना रमच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांपैकी एकाची पिकअप आणली होती, म्हाताऱ्यासकट. आंटी वर होत्या, खाली आल्या नाहीत. पण दाराशी डबा ठेवलेला होता, रोटीचा वास येत होता. तो मी तिथंच ठेवला, आणि पूर्ण रस्ताभर मला तो डबा दिसत राहिला.

"आता विचार कर हवा तेवढा," केरलिन म्हणाली, "जाळी मी आणलीय."

शुक्रवार-शनिवार आम्ही कठड्याला मासेमारीची जाळी बांधली, तळापासून वरपर्यंत, दुहेरी. देविनला फोनवर फक्त पत्ता बदलल्याचं सांगितलं. का ते सांगितलं असतं, तर तारिणी विमानात चढलीच नसती, हे मला पक्कं माहीत होतं.

रविवारी ते आले. तारिणी लोखंडी जिना बघून इतकी खूश झाली की तीनदा चढली उतरली. देविननं रमचं दुकान पाहिलं, बाटल्यांची खोकी पाहिली, माझ्याकडं पाहिलं. मी त्याला गॅलरीत बसवून सगळं सांगितलं, कोयता, बोटं, पत्र. तो जाळीत बोट अडकवून बसला.

"मा विचारणार," तो शेवटी म्हणाला.

"लाव फोन. मीच बोलते."

सासूबाईंनी सगळं मधे न बोलता ऐकून घेतलं. हे त्यांच्याबाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"मीच घे म्हटलं होतं."

"फोटो मी पाठवला होता, मा."

"आता आहेस तिथं... अंगणात काय आहे?"

मी वाकून खाली पाहिलं. "अंगण नाहीये. एक टेबल आहे आणि चार म्हातारे." मग मी त्यांची नावं सांगितली. आडनावं, कामं, कोण विधुर, कोण दारू पितो आणि कोण नुसता बसतो. पिकअपवाले अल्बान काका, त्यांची मुलगी जवळच्याच शाळेत शिकवते. मिस्टर दूखीचा मुलगा इथं नाही. "कुठं आहे तेही विचारलं. टोबॅगोला बोटीवर. मी त्याच्याशी बोलले फोनवर."

"फोनवर बोललीस? परक्या माणसाशी?"

"हो. त्याला वाटलं मी विम्याची आहे."

पलीकडं त्यांच्या अंगणात कोंबड्या ऐकू येत होत्या. इकडं खाली कुणीतरी डोमिनो आपटला आणि तारिणी दचकून माझ्या पायाला चिकटली, मग जाळीतून खाली डोकावून हसली.

"दुलहिन," सासूबाई म्हणाल्या, "जाळीच्या गाठी कुणी मारल्या?"

"मी."

"पुन्हा एकदा ओढून बघ. मी धरते फोन."