एक मात्रा म्हणजे किती

रुग्णालयात तिला सगळे मागून व्याख्याबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. कुणी ‘रुग्णाला बरं वाटलं’ असं लिहिलं की ती विचारायची, बरं म्हणजे नक्की काय, आणि कधीपासून. संशोधनातले आकडे तपासणं हेच तिचं काम होतं.

गांजाच्या झाडापासून काढलेल्या औषधी तेलाने नसांचं जुनं दुखणं कमी होतं का, हे तिथे तपासत होते. रुग्ण एकेचाळीस. प्रत्येकाला महिन्याला एक बाटली आणि रोजच्या नोंदीसाठी एक वही. पहिल्या महिन्याच्या वह्या आल्या आणि ‘मात्रा’ हा रकाना बघून तिने कपाळावर हात मारला. एकाने ‘अर्धा ड्रॉपर’ लिहिलं होतं, दुसऱ्याने ‘नेहमीइतकं’. एका आजोबांनी तीसही दिवस ‘सून देईल तेवढं’ असं इमानेइतबारे लिहिलं होतं.

संशोधन मोठ्या डॉक्टरांचं. ती वह्या घेऊन त्यांच्याकडे गेली. एवढा कीस पाडू नका, सरासरी काढा आणि पुढे चला, असं त्यांनी सांगितलं. ‘नेहमीइतकं’ची सरासरी कशी काढतात, असं तिने विचारलं, तर त्यांनी फोन कानाला लावला. तो वाजलाही नव्हता.

औषधविभागाचे प्रमुख म्हणाले, थेंब मोजायला लावा. तिने त्यांच्याच टेबलावर गार तेलाचे दहा थेंब आणि कोमट तेलाचे दहा थेंब वजन करून दाखवले. दोन्हींचं वजन वेगळं भरलं. यावर दोन बैठका खर्ची पडल्या. तिसरीत तिने हट्टच धरला: बाटली देताना वजन, परत घेताना वजन, फरक तेवढी मात्रा. मोठ्या डॉक्टरांनी एकदाची सही केली.

पुढच्या महिन्यात वजनं आली. सगळी वरखाली, पण एक बाटली मात्र सांगितलेल्या मात्रेला तंतोतंत जुळणारी. ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची होती. त्यांच्या तळपायांची आग होई. वहीतला दुखण्याचा दहापैकी आकडा आठावरून चारावर आला होता. मोठे डॉक्टर खूश झाले. अहवालात यांनाच पहिलं घ्या, म्हणाले. बाई मोजतात तरी कशा, ते बघून बाकीच्यांना शिकवावं म्हणून व्याख्याबाई संशोधनावरच्या नर्सला घेऊन दुपारी त्यांच्या घरी गेली.

तिसरा मजला, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीकडेच्या पलंगावर गुडघ्यांना पट्टे बांधून बसलेली नणंद. शिवणवाल्या बाईंनी हौसेने बाटली काढली, आणि दोन चमचे.

“दोन कशाला?” व्याख्याबाईने विचारलं.

“एक माझा, एक ताईंचा. त्या गुडघे धरून बसलेल्या असताना माझ्या एकटीच्या घशाखाली कसं उतरेल?”

“अगदी निम्मं-निम्मं हं,” नणंद म्हणाली. “वहिनीचं माप चुकत नाही.”

नर्स खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. व्याख्याबाईला हसूही येईना नि रागावताही येईना. हे आधी का नाही सांगितलं, असं तिने शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं.

“विचारलं कुणी? बाटलीत किती उरलं, एवढंच तर विचारत होतात.”

नणंदेच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. हे तेल त्या गोळ्यांसोबत चालेलच असं नाही, असं नर्सने तिला बजावलं आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली.

मोठे डॉक्टर म्हणाले, त्या एकीला वगळा आणि विषय मिटवा.

“ही एक आपल्याला कळली,” व्याख्याबाई म्हणाली. “उरलेल्या चाळीस जणांचं काय?”

दोन दिवस ती आणि नर्स फोन करत बसल्या. आणखी नऊ घरांत तेल वाटलं जात होतं: कुठे नवऱ्याला, कुठे शेजारणीला, आणि एका ठिकाणी म्हाताऱ्या कुत्र्याला. दोन महिन्यांची सगळी माहिती बाद झाली. मोठे डॉक्टर आठवडाभर तिच्याशी अक्षर बोलले नाहीत. मग नव्या फॉर्मवर त्यांनी सही केली. त्यात लिहिलं होतं: मात्रा म्हणजे रुग्णाने स्वतः गिळलेलं तेल. खाली प्रश्न होता: या बाटलीतून घरात आणखी कोण घेतं?

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. शिवणवाल्या बाई आता पूर्ण मात्रा एकट्याच घेऊ लागल्या. पंधराव्या दिवशी त्यांचा फोन आला. डोकं जड होतंय, सुई ओवता येत नाही, आणि तळपायांची आग होती तेवढीच आहे, आकडा चारच. अर्धं होतं तेच बरं होतं.

व्याख्याबाईने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं आणि कागद मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांनी बाईंची मात्रा निम्मी केली, आणि बाकीच्यांना असं काही होतंय का ते विचारायला फोनची यादी काढायला सांगितली.