कापसाच्या ढिगातला श्वास

मित्रांनो, काडेपेटीवर ठेवलं तर मी तिच्याबाहेर डोकावणारही नाही, एवढासा अँटेना आहे. माझे पूर्वज छपरावर बांबूला बांधलेले असत. एकाने वर चढून त्यांना फिरवायचं आणि खाली साऱ्या घराने "आलं, आलं... गेलं" म्हणायचं. तो थाट माझ्या नशिबी नव्हता.

माझा जन्म शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात झाला. तांब्याचा थर दिलेली पाटी तिथे शिकणाऱ्या तृप्तीने रसायनात बुडवली, नको ते तांबं विरघळलं आणि उरलो तो मी. रेडिओ लहरींचा फार मोठा पट्टा मला ऐकू येई. भिंतीपलीकडे कुणाची छाती श्वासाने हलली, तरी तिच्यावरून परतलेली लहर मी टिपत असे. पण त्याच पट्ट्यात वायफायचाही गलका असतो. म्हणून तृप्तीने माझ्या पोटात इंग्रजी यू अक्षरासारखी चीर ठेवली. तिच्यामुळे वायफायची तेवढी लहर माझ्यात शिरत नाही. शिवाय चिरेवर विजेचा एक इवलासा पूल बसवला. पूल जोडला की चीर बुजल्यासारखी होते आणि मी सगळं ऐकतो. तोडला की तेवढा गलका बंद. एवढ्याशा जागेत हे साधायला त्या पोरीने किती पाट्या वाया घालवल्या असतील!

दिवाळीच्या सुट्टीत ती मला आपल्या गावी, केदारखेड्याला घेऊन आली. घरातल्या एका खोलीत कापूस आढ्याला टेकला होता. आजी चतुराबाईंनी बाटलीने दूध पाजून जगवलेलं कोकरू दुपारी त्यात शिरलं, वरचा कापूस घसरला आणि ते आत गाडलं गेलं.

तृप्तीचे वडील कचरू दोन्ही हातांनी कापूस ओढू लागले. तृप्तीने त्यांना अडवलं. चुकीच्या बाजूने ओढलं असतं, तर उरलेला ढीग कोकरावरच आला असता.

"मंग तुझ्या त्या यंत्राला ईचार," आजी म्हणाली. "पण जल्दी. गुदमरून जाईल माझं लेकरू."

तृप्तीने मला सोबत आणलेल्या, लहरी सोडणाऱ्या रडारच्या पेटीला जोडलं. पेटीच्या पडद्यावर नुसता रेघांचा गुंता! आपल्या गावात कुठलं आलंय वायफाय, असं धरून तृप्तीने माझा पूल जोडलेलाच ठेवला होता. तेवढ्यात शेजारच्या सुग्रीवच्या घरातून क्रिकेटच्या मॅचचा आवाज आला. त्याने मागच्याच महिन्यात वायफायची जोडणी घेतली होती. आजीने खिडकीतून त्याला ते बंद करायला सांगितलं.

"शेवटची ओव्हर लागून राह्यली, काकू," तो आतूनच म्हणाला. "कोकराला काय बॅटिंगला जायचंय?"

तृप्तीने बटण दाबून माझा पूल तोडला. पडद्यावरचा गुंता विरला. ढिगाच्या कडेकडेने तिने मला सरकवत नेलं. उजव्या कोपऱ्यात, जमिनीलगत, एक बारीक रेघ वर-खाली होऊ लागली.

"इथून, बाबा. हळू."

कचरूंचा हात खांद्यापर्यंत आत गेला. कोकरू बाहेर आलं, नाकपुड्यांत कापूस घेऊन. ते शिंकलं आणि आजीने त्याला मांडीवर ओढलं.

मॅच संपल्यावर सुग्रीव आला. बराबर सांगितलं असतं तर बंद केलं असतं, म्हणाला.

"बराबरच सांगितल्तं," कोकराचं नाक पदराने पुसत आजी म्हणाली. "तुलाच ऐकू आलं न्हाई."

आता तृप्तीने तीन चिरांचा, माझ्याहूनही लहान अँटेना केला आहे. मी तिच्या टेबलाच्या खणात पडून असतो. तिचं मला कौतुकच वाटतं. कॉलेजातली नवी मुलं मात्र मला कसंही चिवडतात आणि बोटांच्या घामाने माझं तांबं काळवंडतं.

मित्रांनो, भोवतीचा गलका आपल्या सांगण्याने थांबत नाही. त्यातलं काय आत घ्यायचं नाही, तेवढं ठरवा. मग अगदी मंद श्वासही कळतो. आणि कधी खण उघडलात, तर मला काठाला धरून उचला.