जाता जाता दाखवलेला हात

“बाई, तुम्ही इथं कशाला बसलात?” नंबर पुकारणाऱ्या मामांनी मला विचारलं.

“दाखवायला.”

“कुणाला आणलंय?”

“स्वतःला.”

मामा हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या या बाकावर हातपाय मोडलेली माणसं बसतात आणि मी पलीकडच्या खोलीत त्यांची प्लास्टरं कापते. सगळं हॉस्पिटल मला प्लास्टरवाल्या बाई म्हणतं, खरं नाव कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. मी केसपेपर मामांपुढं धरला. डाव्या हातानं धरला, कारण उजव्यानं कागद जरी उचलला तरी कोपराच्या बाहेरच्या बाजूनं कळ निघायची ती थेट मनगटापर्यंत जायची.

मामांनी कागद उलटापालटा करून पाहिला. “अहो, पण तुम्हाला नंबर कशाला लागतो? सरळ आत जायचं, दाखवायचं. तुम्ही घरच्याच.”

“घरची आहे म्हणून तर कोणी बघत नाही. माझा नंबर आला की पुकारा.”

हे घरचं असणं मी वर्षभर भोगलं होतं. कोपर दुखायला लागलं तेव्हा मी मोठ्या डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. ते राउंडला निघाले होते. मी बाही वर केली, त्यांनी चालता चालता एक नजर टाकली आणि म्हणाले, “टेनिस एल्बो. टेनिस खेळता की काय, बाई?” मागचे सगळे शिकाऊ डॉक्टर हसले. “बर्फ लावा,” म्हणेपर्यंत ते जिन्यापाशी पोचलेसुद्धा. दुसऱ्यांदा लिफ्टपाशी गाठलं, तर “पट्टा बांधा,” म्हणाले आणि लिफ्टचं दार लागलं. तिसऱ्यांदा ते हात धूत होते. त्यांनी एका शिकाऊ डॉक्टरला खूण केली आणि त्यानं मला तिथंच, बेसिनला टेकून उभी असताना, कोपरात सुई टोचली.

महिनाभर हात इतका हलका झाला की मला वाटलं, सुटले एकदाची. मोठ्या सिस्टरांनाही तसंच वाटलं. या आमच्या विभागाच्या मुख्य. हात बरा आहे म्हटल्यावर त्यांनी शनिवारची प्लास्टरंही माझ्याच गळ्यात मारली. महिना सरला आणि दुखणं परत आलं ते चार नातेवाईक बरोबर घेऊनच आलं.

या दुखण्याला ज्यानं कोणी टेनिसचं नाव ठेवलं त्याला माझ्या खोलीत आणून उभं करायला हवं. हातभर लांबीची कात्री असते. तिचं खालचं पातं प्लास्टर आणि कातडी यांच्या मधे सरकवायचं, मनगट ताठ धरायचं आणि जीव खाऊन दाबायचं. मग इंचभर पुढं सरकायचं, पुन्हा दाबायचं. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वर्षानुवर्षं. टेनिसची रॅकेट मी आयुष्यात हातात धरलेली नाही, तरी ज्याला त्याला तोच विनोद सुचतो. आमच्या ह्यांनाही सुचला होता. “आमच्याकडं एक खेळाडू आहे,” असं ते शेजाऱ्यांना सांगायचे. मग एकदा चहाचा भरलेला कप माझ्या हातून सुटला आणि ह्यांच्या पायावर फुटला. त्यानंतर विनोद बंद झाला आणि पिळायचे कपडे ते पिळायला लागले.

पण मी बाकावर येऊन बसले ती कपामुळं नाही. परवा एका लहान मुलीच्या पायाचं प्लास्टर कापत होते. निम्म्यावर आले आणि बोटांतला जोरच गेला. कात्री तिरकी झाली आणि पात्याचं टोक तिच्या पोटरीवर दाबलं गेलं. रक्त नाही आलं, नुसता लाल वळ उठला. पोरगी कळवळली. तिच्या आईनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला रात्रभर झोपू देईना. आणि मोठ्या सिस्टर दारातून काय म्हणाल्या? “हल्ली लक्ष कुठं असतं हो तुमचं?”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्षभर मी डॉक्टरांच्या मागं फिरतेय, हात दाखवतेय, आणि माझं लक्ष कुठं असतं? माझा हात दुखत होता तोवर माझ्यापुरता दुखत होता. आता त्यापायी एखाद्या पोराला इजा व्हायची वेळ आली होती. मी रजा टाकली, रांगेत उभी राहून केसपेपर काढला आणि इथं येऊन बसले. डॉक्टरांनी मला चारचौघांसारखं बसवून तपासावं आणि हात बरा होईपर्यंत कात्री काढून घ्यावी, एवढंच मला हवं होतं. ते झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं होतं.

अर्ध्या तासात मोठ्या सिस्टर आल्या. “हे काय नाटक मांडलंय? आत चार प्लास्टरं खोळंबलीत.”

“मी आज रजेवर आहे, सिस्टर.”

“अहो, इथंच तर बसलाय. असं करा, एवढी चार काढून द्या, मी तुमचा नंबर वर घेते.”

“नंबर आहे तिथंच राहू दे,” मी म्हणाले. “आणि प्लास्टरंही.”

सिस्टर तणतणत गेल्या. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी सगळं ऐकलं. “बाई, मग माझं कोण काढणार हो? मला आज बोलावलंय. आत नुसती खाज खाज होतेय.”

सिस्टरांना उत्तर देणं सोपं होतं. आजोबांना काय सांगणार? मी अर्धवट उठलेसुद्धा. उजवा हात बाकावर टेकला आणि कोपरातून अशी कळ गेली की परत खाली बसले.

“मला खरंच माहीत नाही, आजोबा,” मी म्हणाले. “माझा हात चालत नाही.”

आजोबांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. “असं होय,” म्हणाले आणि मला नीट टेकून बसता यावं म्हणून थोडे सरकले. वर्षभरात माझ्या हातासाठी हॉस्पिटलमध्ये कोणी केलेली ती पहिली गोष्ट. मला एकदम रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचाही राग आला.

माझा नंबर दुपारी पुकारला. मोठे डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. “काय होतंय?”

“उजवं कोपर दुखतंय.”

आवाज ओळखून त्यांनी वर पाहिलं. “अरे, बाई तुम्ही? नंबर कशाला लावलात? असंच यायचं.”

“असंच तर वर्षभर येतेय, डॉक्टर. कॉरिडॉरमध्ये आले, लिफ्टपाशी आले, बेसिनपाशी आले. आज खुर्चीत बसून बघा.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. हात सरळ करायला लावला, मूठ वळून मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून हलकेच दाबलं. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग मधलं बोट उचलायला लावून तेही दाबलं. मग कोपराच्या हाडावर अंगठा ठेवला आणि मी खुर्चीतून उठायचीच बाकी राहिले. त्यांनी अंगठा काढून घेतला.

“इतकं वाढेपर्यंत थांबायचं का? सांगायचं नाही?”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण आवाज चढवला नाही.

“सांगितलं होतं,” मी म्हणाले. “तुम्ही चालत होता.”

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: सहा आठवडे कापण्याचं काम बंद, पट्टा, व्यायाम. तोंडानं सांगितलं, “सुई पुन्हा नको. तिनं दुखणं झाकलं गेलं आणि तुम्ही त्याच हातावर काम करत राहिलात.” चूक कोणाची ते काही बोलले नाहीत. मोठ्या सिस्टरांनी कागद पाहून “आता मी माणूस कुठून आणू?” असं मलाच विचारलं, जणू माझ्या पर्समध्ये एखादा होता.

सहा आठवडे मला एक्स-रेच्या खिडकीत बसवलं. पाकिटं द्यायची, नाव वाचायचं. व्यायाम शिकवायला एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं माझा हात टेबलावर ठेवला, पंजा कडेच्या बाहेर, आणि मुठीत पाण्याची अर्धी बाटली दिली.

“डाव्या हातानं वर न्या. उजव्यानं फक्त हळूहळू खाली सोडा.”

“उजव्यानं उचलायची नाही?”

“नाही. फक्त सावकाश सोडायची. सावकाश म्हणजे अगदी सावकाश.”

“मला सावकाश काही येत नाही गं.”

“म्हणूनच आलात ना इथं?” असं म्हणून ती हसली. तिच्यावर मात्र मला रागावता आलं नाही.

सुरुवातीला व्यायामानं दुखणं वाढल्यासारखंच झालं. घरी टेबलाशी मी बाटली खालीवर करायची आणि हे समोर बसून “सावकाश, सावकाश” करायचे. स्वतः पिळलेल्या कपड्यांतून पाण्याची धार लागलेली असायची, पण मला शिकवायला पुढं. हळूहळू कळ मनगटापर्यंत जायची ती कोपरापाशीच थांबायला लागली. एक दिवस बरणीचं झाकण माझ्या हातानं फिरलं. ह्यांनी ती बरणी माझ्या हातातून घेतली, पुन्हा घट्ट लावली आणि म्हणाले, “पुन्हा उघड बघू.”

पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. खिडकीत बसायला लागून आठवडाही झाला नसेल. प्लास्टरच्या खोलीतून घरघर ऐकू आली. काय झालं म्हणून बघायला गेले, तर मोठे डॉक्टर स्वतः एका बाईच्या हाताचं प्लास्टर कापत होते. हातात विजेचं मशीन, पुढं छोटं गोल पातं. जरा टेकवलं की प्लास्टर भराभर उलगडत होतं. मी काही म्हणायच्या आत ते कापून झालंही.

“बघा बाई, किती सोपं,” डॉक्टर म्हणाले. “कातडीला लागत नाही, पातं नुसतं थरथरतं. तुमच्या जागी दोन दिवस त्या कात्रीनं कापून माझा अंगठा कामातून गेला, म्हणून सिस्टरांना विचारलं, काही मशीन वगैरे नाही का आपल्याकडं.”

“नवीन आलं?” मी विचारलं.

सिस्टर कापसाचे बोळे आवरत होत्या. “नवीन कुठलं, कधीचं पडून आहे. या कपाटात. बिघडलं तर निस्तरायचं कोणी, म्हणून काढलं नव्हतं.” मग अगदी सहज म्हणाल्या, “आणि तुमचा हात चालत होता की.”

ते कुलूप लावलेलं कपाट माझ्याच खोलीतलं, किल्ली सिस्टरांकडं. रोज सकाळी मी माझी पर्स त्याच्या मुठीला अडकवायची. रोज. माझ्यापासून हातभर अंतरावर ते मशीन प्लास्टिकच्या वेष्टनात झोपलं होतं आणि मी दात-ओठ खात कात्री दाबत होते. माझ्या कोपरानं वर्षभर बोंब मारली तेव्हा किल्ली कोणाला आठवली नाही. डॉक्टरांचा अंगठा दोन दिवस दुखला आणि ती लगेच सापडली. मशीन बिघडू नये म्हणून जपायचं, बाई बिघडली तर बर्फ लावा. मी तशीच खिडकीत परत गेले. तिथं थांबले असते तर काय बोलले असते, सांगता येत नाही.

सहा आठवडे झाले. डॉक्टरांनी पुन्हा मनगट दाबून पाहिलं, या वेळी खुर्चीत बसवून, आणि कामावर जा म्हणाले. अजूनही भरलेलं भांडं उचलायचं म्हटलं की माझा डावा हातच आधी पुढं होतो. ते आता तसंच राहणार, असं वाटतं.

मी प्लास्टरच्या खोलीत पाऊल ठेवलं. टेबलावर माझी जुनी कात्री पुसून, तेल देऊन ठेवली होती. कपाटाला कुलूप.

“मशीन?” मी विचारलं.

“आत ठेवलंय नीट गुंडाळून,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “साहेबांना लागलं तर काढू. तुम्ही आता बऱ्या झालात ना.”

बाहेर बाकावर माणसं बसली होती. दाराशी एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उभी होती, मुलाच्या पायाला प्लास्टर. मी सिस्टरांपुढं हात केला. “किल्ली द्या जरा.”

काहीतरी ठेवायचं असेल असं समजून त्यांनी दिली. मी कपाट उघडलं, मशीन बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं. मग कात्री उचलली. उजव्या हातानंच उचलली. ती मशीनच्या रिकाम्या जागेवर ठेवली, दार लावलं, कुलूप घातलं. मुलाला टेबलावर बसवलं, मशीन चालू केलं आणि त्याला भीती वाटू नये म्हणून पातं आधी माझ्याच तळव्याला लावून दाखवलं. तो टकमक बघत राहिला. प्लास्टर उकललं तेव्हा त्याच्या पायावर साधा ओरखडाही नव्हता.

मूल आणि त्याची आई गेल्यावर सिस्टरांनी हात पुढं केला. “किल्ली.”

किल्ली मी टेबलावरून उचलून उजव्या तळव्यावर घेतली. मी मूठ वळली, घट्ट, पार शेवटपर्यंत. कोपर दुखलं नाही.

“पुढचा पेशंट पाठवा, सिस्टर,” मी म्हणाले.